बोट सोडल्यावर कुठे?

दिवाळी झाली की आमच्या कचेरीत दोन विषय निघतात. एक शिल्लक रजेचा, आणि दुसरा त्या रजेत कुठे जायचे ह्याचा. पूर्वी ह्या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे ठरलेली असत. तिरुपती, म्हैसूर-उटी, फार तर सिमला. गेल्या चार-पाच वर्षांत त्यात क्रूझची भर पडली आहे. मुंबईला चढायचे, चार-पाच रात्री बोटीवर काढायच्या, मध्ये कोची नाहीतर लक्षद्वीप बघायचे आणि परत मुंबईला उतरायचे. पैसे हप्त्यांनी भरता येतात, त्यामुळे आमच्यासारख्या यूडीसीच्या घरातूनही लोक जाऊ लागलेत. जावेत. मीही जाऊन आलो.

पण क्रूझ ठरली की घोडे एका जागी अडते. बोटीचे दिवस पाच. रजा नऊ-दहा दिवसांची (मागचा-पुढचा शनिवार-रविवार जोडून, हे एक शास्त्र सरकारी नोकराला न शिकवता येते). मग उरलेल्या दिवसांचे काय करायचे? बोटीच्या आधी खर्च करायचे की नंतर? आणि कुठल्या शहरात?

ह्यावर माझे मत आता पक्के झाले आहे. आधी एकच रात्र, तीही केवळ बोट चुकू नये म्हणून. बाकीचे सगळे दिवस नंतर. आणि ते बंदराच्या शहरात घालवायचे नाहीत, बंदराच्या पाठीमागे जे शहर उभे असते तिथे घालवायचे. मी ते बुऱ्हाणपूरला घालवले. हे ऐकून कचेरीत हशा पिकला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधीच्या रात्रीचे पहिल्यांदा उरकतो, कारण त्यात फार बोलण्यासारखे नाही. आमच्या वाड्यावरचे एक जोडपे लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला क्रूझला निघाले. म्हापशाहून रात्रीची बस, सकाळी सातला मुंबई, दुपारी बोट. कागदावर सहा-सात तास हातात होते. बस वाटेत बंद पडली, मग दुसरी बस आली, मग पनवेलजवळ रांग. ही दोघे धक्क्यावर पोचली तेव्हा बोट समोर दिसत होती, पण चढण्याची वेळ संपली होती. बोट म्हणजे कदंबची बस नव्हे, की कंडक्टरला हात केला आणि थांबली. सुटण्याच्या तास-दोन तास आधीच दार बंद होते. पैसे गेले ते गेलेच. दोन दिवस दादरला नातेवाइकांकडे काढून दोघे परत आली आणि वाड्यावर कोणाला चार दिवस तोंड दाखवले नाही. तेव्हा आदल्या रात्री मुंबईत पोचून झोपावे. त्या रात्री माणूस कुठलेही शहर बघत नाही. आधारकार्डे कुठल्या बॅगेत आहेत हेच तीनतीनदा बघत बसतो. अशा मनःस्थितीत दोन-तीन दिवस कुठे तरी घालवणे म्हणजे रजा फुकट दवडणे.

आता नंतरच्या दिवसांकडे येतो.

बोटीवर काय मिळते? खायला भरपूर मिळते. इतके, की तिसऱ्या दिवशी मला पेजेची आठवण झाली. समुद्र मिळतो, आणि तो खरोखर बघण्यासारखा असतो. आम्ही किनाऱ्यावर जन्मलेली माणसे, पण चहूकडून पाणी आणि मध्ये आपण हे मी पहिल्यांदाच पाहिले. पहाटे डेकवर कोणी नसताना मी एक तास नुसता उभा होतो. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण बोट गावे दाखवत नाही, धक्के दाखवते. सकाळी उतरायचे, बसमध्ये बसायचे, चार ठिकाणी उतरून फोटो काढायचे, आणि वेळेत परत. आम्ही लक्षद्वीपच्या एका बेटावर काही तास होतो. निळे पाणी पाहिले, नारळपाणी प्यालो, परतलो. तिथली माणसे मल्याळम बोलतात हे मला आधीच ठाऊक होते. येताना त्यात काहीही भर पडली नव्हती.

ह्या गोष्टीची दुसरी बाजू गोवेकराला चांगली माहीत असते. हंगामात मुरगावला मोठाल्या परदेशी बोटी लागतात. सकाळी बसगाड्यांची रांग निघते. जुने गोवे, मंगेशी, फोंड्याकडची एखादी मसाल्याची बाग, पणजीत मळ्यातल्या आणि फोंतेन्यासमधल्या रंगीत भिंती, आणि संध्याकाळच्या आत परत मुरगाव. बोटीच्या पत्रिकेवर त्या दिवसापुढे ‘गोवा’ असे छापलेले असते. मंगेशीला दीपस्तंभाखाली उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईंनी मला एकदा विचारले, ‘इथली माणसे राहतात कुठे?’ प्रश्न अगदी रास्त होता. त्यांनी बघितलेल्या चारही जागी कोणी राहत नव्हते! मी बोटीवर गेलो तेव्हा त्या बाई आठवल्या. आता मीही त्यांच्याच जागी उभा होतो.

म्हणून बोटीनंतरचे तीन-चार दिवस हा माझ्या मते सहलीचा उरलासुरला तुकडा नव्हे. माणसे राहतात असे एक गाव बघायची तीच खरी संधी असते. तीन गावे नकोत, एकच हवे.

पण हे गाव बंदराचे का नको? कारण बंदराचे शहर बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी शहराचे दार असते, आणि दारात किती बसणार? युरोपच्या क्रूझवर ज्या दिवसाला ‘रोम’ म्हणतात त्या दिवशी बोट लागते चिवितावेक्कियाला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. आजच्यासारखेच पूर्वीही होते. मोगलांच्या काळात सुरत हे हिंदुस्थानचे सगळ्यात मोठे बंदर, हाजला जाणारे यात्रेकरू तिथूनच जहाजात बसत. पण विलायतेची मोठी जहाजे सुरतेला लागतच नसत, ती खाली सुवालीच्या खाडीत नांगर टाकत. तिथे उतरून लोक सुरतेला येत, आणि सुरतेहून आग्ऱ्याकडे निघाले की तापीच्या काठाकाठाने जे पहिले मोठे शहर लागे, ते बुऱ्हाणपूर.

इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सप्टेंबर १६१५मध्ये सुवालीला उतरला. सहा-सात महिन्यांचा समुद्रप्रवास झालेला. सुरतेत महिनाभर कस्टमवाल्यांशी भांडण्यात गेला (ह्या खात्याची परंपरा जुनी आहे), आणि ऑक्टोबरच्या शेवटी तो निघाला. पंधराएक दिवसांनी बुऱ्हाणपूरला पोचला. तिथे त्याला सराईत ज्या खोल्या दिल्या त्या भट्टीसारख्या होत्या अशी त्याची तक्रार आहे. विटांच्या, वरून गोल, आणि भट्टीएवढ्याच. शेवटी तो स्वतःच्या तंबूत झोपला. जहांगीरचा मुलगा परवेझ तेव्हा तिथे सुभ्यावर होता. रोने त्याला भेटीत दारूच्या बाटल्यांची पेटी दिली. दुसरी भेट त्याच रात्री ठरली होती, ती झाली नाही, कारण शाहजादा ती पेटी उघडून बसला होता. रो स्वतः तापाने आजारी पडला आणि पुढे अजमेरला गेला. राजवाडा आणि उमरावांचे वाडे सोडले तर हे शहर म्हणजे मातीची घरे, असे त्याने लिहून ठेवले आहे.

बुऱ्हाणपूरला हॉटेले बरी नाहीत म्हणून मला जे हसले, त्यांना मी हे सांगतो. ही तक्रार चारशे वर्षांची आहे, आणि तरी सुरतेला उतरलेली माणसे ह्याच वाटेने जात राहिली. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये इथून गेला तेव्हा त्याने इथले पांढरे, तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते अशी नोंद केली. सुरतेच्या धक्क्यावर जे गठ्ठे दिसत, ते विणणारी माणसे पाठीमागे ह्या गावात होती. बंदराच्या पाठीमागचे शहर म्हणजे मला हेच म्हणायचे आहे.

आमच्या गोव्याशीही त्याचा धागा आहे. फारुकी सुलतानांचा असीरगड अकबराने जानेवारी १६०१मध्ये घेतला. वेढा महिनोन् महिने चालला होता. किल्ल्याच्या आत काही पोर्तुगीज चाकरीला होते, आणि बाहेर अकबराच्या छावणीत जेझुइट पाद्री जेरोम झेव्हियर! चौलच्या पोर्तुगीजांकडून तोफा मागवून द्या असे अकबर त्याला म्हणाला, आणि पाद्रीबाबांनी धर्माच्या नावाने नकार दिला. बादशहा काही दिवस रुसला. गड पडल्यावर त्याच वर्षी बादशहाची वकिलात गोव्याला व्हिसेरेईकडे निघाली. तिच्यासोबत होता बेंतो द गोइश, जो पुढे मध्य आशियातून खुष्कीने चीनपर्यंत गेला आणि तिथेच वारला. म्हणजे बुऱ्हाणपूर ते गोवा ही वाट काही मी शोधून काढलेली नाही.

हे सगळे मला बोट ठरवताना माहीत होते असे मात्र नाही. खरे कारण साधे होते. राजपुऱ्यात माझी मावशी राहते.

राजपुरा हा बुऱ्हाणपुरातला एक मोहल्ला. आईची ही धाकटी बहीण पणजीची. १९७० साली तिचे लग्न झाले. काका नेपानगरच्या कागद कारखान्यात होते (वर्तमानपत्राच्या कागदाचा हा देशातला पहिला कारखाना, बुऱ्हाणपुराहून जवळच), आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी राजपुऱ्यात घर घेतले. काका गेले. मावशी तिथेच राहिली, मुलगा-सून जवळ आहेत. मी शेवटचा तिच्याकडे गेलो होतो तो बावीस वर्षांपूर्वी. दरवर्षी गणपतीत तिचा फोन येतो आणि दरवर्षी मी सांगतो, ‘मावशी, पुढच्या वर्षी नक्की.’ तीही ‘हो हो’ म्हणते. दोघांनाही ठाऊक असते.

क्रूझला आम्ही तीन कुटुंबे मिळून जाणार होतो. नंतरच्या दिवसांसाठी ज्या जागा निघाल्या त्या अशा : महाबळेश्वर, शिर्डी, आणि मुंबईतच राहून खरेदी. मी बुऱ्हाणपूरचे नाव काढले तर पहिला प्रश्न आला, ‘तिथे काय आहे?’ दुसरा प्रश्न सौ.चा होता. ती म्हणाली, ‘अहो, बोटीवरून उतरून थेट तिथल्या धुळीत? कपडेसुद्धा सगळे समुद्राचे घेतलेले असणार.’ तिच्या म्हणण्यात तथ्य होते हे मला पुढे कळले. शेवटी दोन कुटुंबे महाबळेश्वरला गेली आणि आम्ही चौघे रात्रीच्या गाडीत बसलो.

मुंबईहून बुऱ्हाणपूर पाचएकशे किलोमीटर. भुसावळमार्गे उत्तरेकडे जाणारी गाडी धरायची. अडचण अशी की आमची गाडी तिथे रात्री तीनच्या सुमाराला पोचली. आदल्या रात्री ह्याच वेळी आम्ही गार केबिनमध्ये पांढऱ्या चादरींत झोपलो होतो. आता फलाटावर बॅगांवर बसून डास मारत होतो. सौ. काही बोलली नाही, पण तिच्या न बोलण्याचा अर्थ मला वीस वर्षांच्या संसारानंतर कळतो. मुलीने मात्र विचारले, ‘बाबा, जमीन हलते आहे का?’ बोटीवरून उतरल्यावर एक-दोन दिवस पायांखाली असे डुलल्यासारखे होते. माझेही तेच होत होते.

उजाडायला रिक्षा राजपुऱ्यात शिरली. मावशी दारात खुर्ची टाकून बसली होती, कधीपासून कोण जाणे. पहिले वाक्य : ‘काय रे, बोट फिरून झाली तेव्हा मावशीची आठवण झाली होय?’ आणि लगेच सुनेला, ‘अगं, चहा ठेव, पोरं गळून राहिली.’ पंचावन्न वर्षांत तिची मराठी अशी झाली आहे. अर्धी पणजीची, अर्धी तापीकाठची, मध्ये हिंदी. पलीकडे रावेर जवळ, म्हणून बाजारात मराठी सर्रास कानावर येते. उदगीरच्या लढाईनंतर १७६०मध्ये हे शहर निजामाकडून पेशव्यांकडे आले, नंतर शिंद्यांकडे. म्हणून जुनी मराठी घराणी अजून आहेत. त्याआधी १६८१मध्ये संभाजीराजांनी इथला बहादूरपुरा लुटला होता, तेही मावशीच्या शेजारच्या गुरुजींनी मला पहिल्याच दिवशी ऐकवले. त्यांच्या सुरात तक्रार होती की अभिमान, हे मला ठरवता आले नाही.

पहिला दिवस आम्ही काहीच केले नाही. जेवलो, झोपलो, उठून परत जेवलो. वरणभात, केळीची भाजी, ताक. बोटीवरच्या पाच दिवसांनंतर ते अन्न अंगी लागल्यासारखे वाटले. माझ्या मते बोटीनंतरच्या गावी पहिला दिवस असाच जावा. हॉटेलात हे जमत नाही, कारण तिथे खोलीचे पैसे मोजलेले असतात आणि माणूस वसुलीला बाहेर पडतो.

दुसऱ्या दिवशी कुंडी भंडारा. लोक खुनी भंडाराही म्हणतात, पण खुनाशी संबंध नाही. इथे मात्र सौ.चा चेहरा बदलला. अब्दुर्रहीम खानखानान (दोहे लिहिणारा तोच रहीम) इथे सुभेदार असताना, १६१५च्या सुमाराला, ही पाण्याची योजना झाली. म्हणजे रो सराईत भट्टीसारख्या खोलीवर चिडत होता त्याच वर्षी. सातपुड्याच्या पायथ्याला मुरणारे पाणी जमिनीखालच्या भुयारात गोळा करायचे आणि नुसत्या उताराने शहरापर्यंत आणायचे. भुयारावर ठराविक अंतराने विहिरीसारखी तोंडे ठेवली आहेत, त्या कुंड्या. शंभराहून जास्त. पंप नाही, रहाट नाही. इराणात अशा योजना असतात, आणि तिथल्याच जाणकाराने ही आखली. एका कुंडीतून लिफ्टने खाली जाता येते. खाली गार हवा, गुडघाभर स्वच्छ पाणी, आणि भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचलेले. मुलगी पाण्यात उभी राहून वर बघत होती. वर आभाळाचा रुपयाएवढा गोल दिसत होता. पाच दिवस आम्ही पाण्याच्या वर होतो, पण पाण्याकडे इतक्या लक्षपूर्वक कोणीच बघितले नव्हते. २०२४मध्ये ही जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहे. तरी आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय पाच माणसे होती.

जामा मशीद शहराच्या मधोमध आहे. फारुकी सुलतान आदिलशहाने १५९०च्या सुमारास बांधलेली. आत भिंतीवर अरबी लेख, आणि त्याच्याबरोबर नागरी लिपीतला संस्कृत लेखही. विक्रम संवत, शक, तिथी, सगळे पंचांगासारखे लिहिलेले. मशिदीतला संस्कृत शिलालेख म्हटल्यावर मी थबकलो. दाखवणारे मौलवीसाहेब मात्र ‘हां, है ना’ इतकेच म्हणाले, जसे काही प्रत्येक मशिदीत असतो.

मुमताजमहल इथेच १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात वारली. शहाजहान दख्खनच्या मोहिमेसाठी इथे मुक्काम ठोकून होता. नदीपलीकडे झैनाबादेत आहुखान्याच्या बागेत तिला सहा महिने ठेवले आणि मग आग्ऱ्याला नेले. आहुखाना आज पडीक आहे. बाभळी, तुटकी कमान, बकऱ्या. किल्ल्यातल्या हमामखान्यात छतावर रंगकाम अजून टिकून आहे, ते मात्र बघावे. तिथले गाइड ताजमहाल आधी इथेच होणार होता वगैरे रंगवून सांगतात, ते अर्धेच ऐकावे. संध्याकाळी मावा जिलबी. मुंबईत मोहम्मद अली रोडवर जी बुऱ्हाणपुरी जिलबी म्हणून मिळते तिचे हे माहेर. काळी, जाड, जड. दोन खाल्ल्या की जेवण नको. असीरगडला तिसऱ्या दिवशी गेलो. वीसेक किलोमीटर असेल. चढताना मला दम लागला, मुलगा पुढे पळाला, त्याविषयी अधिक लिहीत नाही.

आता दोषही लिहितो, नाहीतर कोणी जाईल आणि मला शिव्या देईल. धूळ आहे. यंत्रमागांची खटखट अनेक गल्ल्यांत दिवसभर असते. राहायला मोजकीच बरी ठिकाणे आहेत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या बराच वर असतो, तेव्हा जाऊच नये. सगळी ठिकाणे विखुरलेली, पाट्या जेमतेम. समुद्राचे पातळ कपडे ठीक, पण सपाता घालून असीरगड चढता येत नाही (सौ.चे म्हणणे इथे खरे ठरले. बुटांची खरेदी बुऱ्हाणपुरात झाली). लहान मूल किंवा गुडघे दुखणारे आई-वडील बरोबर असतील तर बोटीनंतर सरळ घरी यावे हे उत्तम.

‘पण आमची मावशी नाही तिथे,’ असे कचेरीतला एकजण म्हणाला. बरोबर आहे. त्याने त्याच्या बंदरामागचे गाव शोधावे. चेन्नईहून बोट असेल तर कांचीपुरम आहे. सिंगापूरहून असेल तर मलाक्का आहे, तिथे पोर्तुगीजांचा जुना दरवाजा बघून गोवेकराला घरी आल्यासारखे वाटेल. मुंबईहूनच असेल आणि बुऱ्हाणपूर लांब वाटत असेल तर नाशिक, पैठण. माझा हट्ट बुऱ्हाणपूरचा नाही. महाबळेश्वरला गेलेल्या दोन्ही कुटुंबांना मी परत आल्यावर विचारले. त्यांना गर्दी, स्ट्रॉबेरी आणि गाडी लावायला जागा मिळाली नाही एवढे आठवत होते. अर्थात त्यांनी मला विचारले तेव्हा मी रात्री तीनचा फलाट वगळूनच सांगितले.

एक व्यवहाराची गोष्ट. परत यायला मुंबईला जायची गरज नाही. वास्कोला येणारी गोवा एक्सप्रेस ह्याच खांडवा-भुसावळ मार्गाने येते. भुसावळ तासाभरावर आहे, तिथे चढलात की थेट मडगावला उतरता येते.

शेवटच्या रात्री मुलीने मावशीला फोनवर बोटीचे फोटो दाखवले. डेक, समुद्र, सूर्यास्त, पोहण्याचा तलाव. मावशी चश्मा पुसून पुसून बघत होती. मग म्हणाली, ‘मीपण आलेली बोटीनंच.’ मला हे माहीत नव्हते. १९७० साली लग्न झाल्यावर पणजीच्या धक्क्यावरून आगबोट, दुसऱ्या दिवशी मुंबईला भाऊचा धक्का, तिथून व्ही.टी., आणि रात्रीच्या गाडीने बुऱ्हाणपूर. तेव्हा रेल्वेपेक्षा बोट बरी पडे, कोकण रेल्वे तर पुढे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी झाली. रात्रभर ती डेकवर सतरंजीवर बसून होती. प्रत्येक बंदराला पडाव येऊन माणसे घेऊन जात. जैतापूरच्या पुढे तिला उलटी झाली, काकांनी लिंबू दिले. ती त्यांची पहिली ओळख. आणि बुऱ्हाणपूरला उतरल्यावर जमीन दोन दिवस हलत होती.

‘चार दिवस राहून पणजीला जायचं ठरलेलं,’ मावशी म्हणाली. ‘मग ह्यांची रजा संपली. बोट काही परत घेतलीच नाही मी. समुद्र बघून किती वर्षं झाली कोण जाणे.’

मुलीने फोटो परत मागे नेले, अगदी पहिल्यापासून, आणि ह्या वेळी एकेक थांबून दाखवले. मावशीने लाटांचा एक व्हिडिओ तीनदा लावायला सांगितला. आवाज मोठा कर म्हणाली. सकाळी निघताना तिने केळ्यांचा अख्खा घड बांधून दिला, दराब्याचा डबा दिला, आणि रिक्षात बसेपर्यंत सौ.शीच बोलत राहिली. माझ्याकडे वळून एवढेच म्हणाली, ‘परत बोटीवर जाशील तर मला आधी फोन कर.’

पुढच्या नोव्हेंबरसाठी मी चौकशी करून ठेवली आहे. पंचाहत्तरीच्या माणसाला चढायला काय कागद लागतात, डॉक्टरचा दाखला लागतो का, वगैरे. तिला बुऱ्हाणपूरहून मुंबईला आणायचे म्हणजे आधीच्या दिवसांबद्दलचे माझे मत बदलावे लागेल असे दिसते.